इटलीहून आलेला माणूस

आमच्या इस्राएल आळीत, म्हणजे पनवेलच्या यहुद्यांच्या वस्तीत, बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही चारचौघांत ‘अहो’च म्हणायचे. पण इथे मी त्याला इनॉक म्हणणार आहे, आणि तेही एकेरीत. मी संतापलेली असताना अहो-जाहो मला जमत नाही, आणि माझा संताप अजून उतरलेला नाही.

इनॉक मुंबईला फोर्टात एका टाइपरायटरच्या कंपनीत दुरुस्ती खात्यात होता. अठ्ठावन्न साली पावसाळा संपल्यावर कंपनीने तिघांना नवीन यंत्रं शिकायला मिलानला पाठवलं. शिकणं झाल्यावर त्यांना आठवडाभराची सुट्टी मिळाली, आणि हे तिघे बसमधून फ्लॉरेन्स, पिसा, रोम, व्हेनिस असे हुंदडून आले. मी पनवेलच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. इटलीचा बूट भिंतीवरच्या नकाशात छडीने दाखवता दाखवता माझा खांदा दुखायला लागला, आणि तिथे जाऊन कोण आलं, तर ज्याला पो नदी कुठल्या देशात वाहते हे लग्नानंतर मी सांगितलं तो. तेव्हाही मला राग आला होता. पण तो राग गमतीचा होता.

आठवडाभर तो माझगावला भावकीतल्या एकाच्या खोलीवर राहायचा आणि शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत एस.टी.ने पनवेलला यायचा. शनिवारी जेवणं झाली की आमच्या ओट्यावर आळी जमायची आणि इनॉकची इटली सुरू व्हायची. पिसाचा मनोरा म्हणजे काय, तर आपल्या टपाल नाक्यावरची चाळ. फरक एवढाच, की तिथे बघायला तिकीट आहे. व्हेनिसचे नावाडी गाणी म्हणतात असं ऐकलं होतं, पण ह्यांच्या नावाड्याचा घसा बसलेला, मग ह्या तिघांनीच गाणी म्हटली, मराठीतून, आणि तो बिचारा कानात बोटं घालून वल्हवत राहिला. फ्लॉरेन्सच्या चौकात इतके पुतळे, की इनॉकने एकाला वाट विचारली, तो पुतळा निघाला. मग शेजारच्या पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून विसावा घेतला, तर तो पोलीस निघाला. लोक पोट धरून हसायचे. इनॉक सांगताना मान मागे टाकून, स्वतःच आधी हसायचा. तिसऱ्यांदा ऐकताना मी आत जाऊन भांडी आपटायचे, पण हसू मलाही यायचं.

माझ्या सासूबाई, अबीगेलबाई, दारात पाटावर बसून ऐकायच्या आणि हसायच्या नाहीत. त्यांना इटलीची गंमत वाटणं कठीणच होतं. त्यांचा धाकटा मुलगा जुडाह लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर इटलीला गेला आणि चव्वेचाळीस साली तिथेच बेपत्ता झाला. पुढे सरकारने तो मेला असं कळवलं. बाईंनी ते मानलं नाही. आमच्यात मेलेल्या माणसाचं नाव घेऊन सिनेगॉगमध्ये शांतीची प्रार्थना म्हणतात, तिला हश्काबा म्हणतात. चौदा वर्षं त्यांनी जुडाहसाठी ती होऊ दिली नाही.

मी एकोणपन्नास साली लग्न होऊन आले. दिराला मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. तरी घरात राज्य त्याचंच. इनॉकने नवा सदरा शिवला की ‘जुडाहला निळा रंग शोभायचा.’ इनॉकला बढती मिळाली की ‘जुडाह असता तर.’ थोरला मुलगा जिवंत, कमावता, समोर बसून जेवतोय, आणि ह्या बाईची नजर भिंतीवर. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इनॉकला काही वाटायचं नाही. तो म्हणायचा, “जाऊ दे गं मास्तरीणबाई. मी तिच्या ताटात रोज असतो, म्हणून चवीला लागत नाही.”

कोणी लांबच्या प्रवासाहून सुखरूप आलं की आमच्याकडे मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळांच्या फोडी आणि वर गुलाबाचं फूल. एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषिताची आठवण करायची, हज्जानने, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याने, आशीर्वाद म्हणायचे, आणि ज्याच्यासाठी मलिदा केला त्याला पहिला घास द्यायचा. इनॉकचा मलिदा एका रविवारी ठरला. सकाळी मी खोबरं खवत होते आणि सासूबाई पोहे धूत होत्या.

“जुडाहसाठी बोललेला मलिदा राहिलाय,” त्या म्हणाल्या. “तो ह्यातच फेडून टाकते.”

मी खवणीवरून उठले. “आई, तो नवस जुडाह घरी आला तर फेडायचा होता.”

“इटलीहून मुलगा घरी आलाय ना? पोहे भिजलेत, माणसं येतायत. एका ताटात दोन्ही होतंय.”

सासूबाई काटकसरी. बंबाच्या विस्तवात रताळी भाजून घेतील, भाताच्या पेजेची सदऱ्यांना खळ देतील, एका खेपेत दोन कामं झाली नाहीत तर त्यांना दिवस वाया गेल्यासारखा वाटायचा. पण नवस म्हणजे रताळी नव्हेत. मी तसं तोंडावर म्हटलं. न आलेल्या माणसाचा नवस फेडणं म्हणजे खोटं बोलणं आहे, असंही म्हटलं.

“फेडलेला नवस खोटा होत नाही,” त्या पोहे निथळत म्हणाल्या. “ज्या देवाने तो घेतला त्याने बघावं.”

आमचे हज्जान मनासेमामा म्हणजे सासूबाईंचे चुलतभाऊ. ताट मांडल्यावर बाईंनी त्यांच्या कानात सांगितलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. पण घर माणसांनी भरलेलं होतं, आणि अबीगेलबाईंना नाही म्हणणारा पुरुष आमच्या आळीत जन्मलेला नव्हता. मामांनी आधी जुडाहचं नाव घेतलं, मग इनॉकचं. इनॉक हसून म्हणाला, “बरं झालं, माझ्या तिकिटावर तोही आला.” सासूबाईंनी पहिला घास स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, “खा बाळा.” त्यांनी इनॉकला बाळा म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी ओट्यावर कोणीतरी फ्लॉरेन्सच्या पुतळ्यांची गोष्ट पुन्हा मागितली. इनॉकने सुरुवात केली, चौकापर्यंत आला आणि थांबला.

“नदीवर पूल नव्हते,” तो म्हणाला. “सगळे पाण्यात पडलेले. एकच उरला होता, त्याच्यावरून जाऊ देत नव्हते. आम्ही खेचरं पाण्यातून नेली.”

लोकांना वाटलं, नवीन चुटका. ते हसले. इनॉकही हसला, पण सगळ्यांच्या नंतर, आणि मान खाली घालून.

आत आल्यावर मी विचारलं, “खेचरं कुठली हो?”

“मी खेचरं म्हटलं?”

“म्हटलंत.”

“मग घरात ऐकलेलं असेल कधीतरी,” तो म्हणाला. मला ते पटलं. जुडाहच्या खेचरांच्या गोष्टी सासूबाई येता-जाता सांगायच्या. फक्त माझ्याकडे एक फोटो होता. त्यात इनॉक फ्लॉरेन्सला नदीकाठी आइस्क्रीम खात उभा होता, आणि त्याच्या मागे एकापुढे एक असे धडधाकट पूल होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी शाळेतून परस्पर एस.टी. स्टँडवर गेले. इनॉक लहानपणी घोड्याची लाथ खाल्लेला. टांग्याच्या बाजूने चालायचं असलं तर तो रस्ता ओलांडायचा. त्या दिवशी तो टांग्याच्या घोड्यापुढे उभा होता. एक तळहात त्याच्या नाकाखाली धरला होता आणि दुसऱ्या हाताने त्याच्या कानाचं मूळ चोळत होता. घोडा डोळे मिटून उभा. टांगेवाला बुधाजी मला म्हणाला, “साहेबांना जनावराची चांगली समज हाय.” घरी येईपर्यंत त्याच्या सदऱ्याला ओल्या केसाळ कातडीचा वास येत होता, आणि तो वास टांग्याच्या घोड्याचा नव्हता.

मग एकेक सुरू झालं. सकाळी बूट घालायच्या आधी तो ते उलटे करून जमिनीवर आपटायचा. जेवताना डावा हात ताटाभोवती घालून, खाली वाकून, भराभर जेवायचा. पांघरुणाची घडी विटेसारखी चौकोनी करायचा. इटलीच्या गोष्टी तर बंदच झाल्या. ओट्यावर लोक यायचे, थोडा वेळ बसायचे आणि उठून जायचे. मी त्याला मुंबईच्या एका चांगल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं, नाव विचारलं. त्याने नुसतं आडनाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा शीण आहे, दूध-अंडी द्या, काही दिवस रजा काढून घरीच ठेवा.

एका शनिवारी दुपारी त्याने घरात विडी पेटवली. शब्बाथच्या दिवशी आमच्या घरात काडी ओढत नाहीत. एकदा पाहुण्यांच्या चहासाठी मी चूल पेटवली होती, तर सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. इनॉक तर विडी ओढतच नव्हता. सासूबाईंनी ती विडी पाहिली. त्या उठल्या, फळीवरची एक बशी काढली आणि राखेसाठी त्याच्यापुढे सरकवली.

त्या क्षणी मला भयंकर राग आला. त्यांना दिसत होतं. जे मला दिसत होतं ते त्यांना माझ्या आधीपासून दिसत होतं, आणि त्या खूश होत्या.

मला सर्वांत जास्त काय लागलं ते सांगते. तो मला मास्तरीणबाई म्हणेनासा झाला. आधी नाव गाळलं, मग ‘तू’ गाळलं. ‘पाणी मिळेल का,’ ‘दिवा कमी करायला हरकत नाही ना,’ असं भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचा. मग पाठ दुखते म्हणून त्याने आपली वळकटी बाहेरच्या खोलीत नेली. आमच्या खोलीच्या दाराशी आला की खाकरायचा आणि मी डोक्यावर पदर घेईपर्यंत बाहेर थांबायचा. नऊ वर्षांचा संसार आणि माझा नवरा माझ्या दारात खाकरतोय. मी एकदा त्याचा हात धरून ओढलं आणि म्हटलं, “आत ये. ये आत.” त्याने हात हळूच सोडवला आणि कानापर्यंत लाल झाला.

हौसा करंजाड्याहून मासे घेऊन यायची. आमच्या आळीत तिचं येणं माझ्या लग्नाआधीपासूनचं. आम्हाला खवल्यांचेच मासे चालतात, हे तिला सांगावं लागायचं नाही. त्या दिवशी ती परसदारी टोपली उतरवत होती आणि तो विहिरीवर पाणी काढत होता.

“बाय, तुजा दीर कवा आला?” तिने विचारलं. “कोनी बोलला नाय मना.”

“तो माझा नवरा आहे, हौसा.”

तिने पुन्हा बघितलं. बराच वेळ बघितलं. “बरं,” ती म्हणाली. मग टोपली तशीच डोक्यावर घेतली आणि मासे न देताच निघून गेली. त्यानंतर ती आमच्या परसात आली नाही.

मी ठरवलं, आता सोक्षमोक्ष लावायचा. रविवारी सकाळी मी त्याचे इटलीचे सगळे फोटो टेबलावर मांडले आणि त्याला बोलावलं. तो दाराशी खाकरला, आत आला आणि उभाच राहिला.

“बघा,” मी म्हटलं. “हे कोण आहे, सांगा मला.”

त्याने हात विजारीला पुसले आणि एक फोटो उचलला. पिसाचा. इनॉक दोन्ही हात पुढे करून कलता मनोरा सावरतोय, गाल फुगवून, डोळे वटारून. त्याने तो फोटो खिडकीच्या उजेडात धरला. तो हसला. मान खाली घालून, हळूच.

“दादा जाड झालाय,” तो म्हणाला.

मी त्याच्या हातातून फोटो हिसकावला. तो घाबरून मागे सरला.

“रागावू नका, वहिनी. कधी येतोय तो? काही कळवलंय का तुम्हाला?”

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला. “येईल रे. तू हातपाय धू. भाकरी गरम आहे.”

तो गेल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्या परातीत पीठ मळत होत्या. “माझा नवरा कुठे आहे?” मी विचारलं. “मला माझा नवरा परत हवाय. तुमचा नवस, तुमचा मलिदा, तुमचा लाडका, सगळं तुमच्यापाशी ठेवा. इनॉक कुठे आहे?”

त्यांनी वर पाहिलं. मला वाटत होतं, त्या रडतील किंवा मला वेडी म्हणतील. त्यांच्या डोळ्यांत माझ्याहून जुना राग होता.

“चौदा वर्षं मी हेच विचारत होते,” त्या म्हणाल्या. “तेव्हा मला कोणी उत्तर दिलं होतं?”

मी तशीच मनासेमामांकडे गेले. ते सिनेगॉगच्या आवारात पेरूच्या झाडाखाली बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला मधे एकदाही थांबवलं नाही, म्हणजे त्यांनाही शंका होती.

“फेडलेला नवस उलटा करता येत नाही,” शेवटी ते म्हणाले. “पण गेलेल्याला गेला म्हणता येतं. अबीगेलने ते कधी म्हणू दिलं नाही. जुडाहची हश्काबा करू. सख्ख्या भावाने सगळ्यांसमोर उभं राहून नाव सांगायचं. तो उभा राहिला आणि भाऊ मेला म्हणाला, की तो कोण आहे हे त्यालाही कळेल.”

मला ते पटलं. निदान करण्यासारखं काहीतरी होतं. सासूबाईंशी मोठं भांडण होणार म्हणून मी कंबर कसून घरी आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “करा. मीही येते.” त्यालाही त्यांनीच सांगितलं, बाहेरच्या खोलीत, दार लावून. मी दाराला कान लावला. एवढंच ऐकू आलं, की तो रडतोय.

शनिवारी सकाळी सिनेगॉग भरलं होतं. बायका वरच्या सज्जात बसतात. मी कठड्याला लागून बसले, सासूबाई माझ्या उजवीकडे. खाली तालेथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, पांघरलेल्या पुरुषांच्या रांगा. तो दुसऱ्या रांगेत होता. वरून बघताना तो इनॉकच होता. मानेवरचा तीळ इनॉकचा. विरळ झालेला माथा इनॉकचा. मी त्या तिळाकडे बघत राहिले.

तोरा, आमचा धर्मग्रंथ, वाचून झाला. मनासेमामांनी पुस्तकाची पानं उलटली.

“हश्काबा कोणासाठी?” त्यांनी विचारलं.

तो उभा राहिला.

“माझ्या भावासाठी,” तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण सज्जापर्यंत स्पष्ट आला. “थोरल्या भावासाठी. तो इटलीहून आला नाही.”

“नाव सांग.”

“इनॉक.”

मी उठले. कठडा धरून ओरडले, “नाही.” सिनेगॉगमध्ये बाईने आवाज काढायचा नसतो. मी पुन्हा म्हटलं, “नाही. इनॉक आला होता. तुम्ही सगळे होतात. तुम्ही त्याच्या मलिद्याचे पोहे खाल्लेत.”

खालच्या माना वर वळल्या. आमच्या ओट्यावर पोट धरून हसलेली सगळी माणसं होती. मला वाटलं, ते चिडतील, गोंधळतील, एकमेकांकडे बघतील.

त्यांच्या तोंडावर कीव होती.

“बस मिरियम,” मनासेमामा म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. सहा दिवसांपूर्वी पेरूच्या झाडाखाली बसलेला माणूस त्यांच्या डोळ्यांत नव्हता. “आम्हा सगळ्यांनाच दुःख आहे, पोरी. पण कधीतरी मानावं लागतंच.”

त्यांनी प्रार्थना वाचली. नवऱ्याचं नाव मी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने घेतलेलं ऐकलं. खालून सगळे एका आवाजात आमेन म्हणाले.

माझ्या डावीकडच्या बायका जरा सरकून बसल्या. सासूबाईंनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला. मला लागू नये म्हणून त्यांनी मनगटावर पदराची घडी ठेवली, आणि माझी पहिली बांगडी दोन बोटांत धरून दाबली.